‘डीम्ड कन्व्हेयन्स’ शोधणाऱ्याला ‘मानीव अभिहस्तांतरण’ सहज का सापडत नाही? गुगलवर वर येण्यासाठी ‘संबंधित कीवर्ड्स’ कसे वापरतात?

गुगलवर फक्त ‘राम मंदिर’ असं टाईप करून बघा. अयोध्या, दर्शनाच्या वेळा, आरती, फोटो, बातम्या असं सगळं समोर येईल. आता त्याच्यापुढे ‘लोकल’ किंवा ‘गोरेगाव’ हा एकच शब्द जोडा. चित्र बदलतं. आता विषय असतो पश्चिम रेल्वेवरच्या जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधल्या राम मंदिर स्टेशनचा. हे स्टेशन २२ डिसेंबर २०१६ ला सुरू झालं. त्याआधी अनेक वर्षं लोक त्याला ‘ओशिवरा स्टेशन’ म्हणूनच ओळखत होते, आणि त्या नावाने शोधणारे आजही आहेत.

म्हणजे स्टेशन एकच, पण त्याच्यापर्यंत पोहोचायच्या वाटा अनेक. ‘ओशिवरा’, ‘गोरेगाव’, ‘जोगेश्वरी’, ‘पश्चिम रेल्वे’, ‘स्लो लोकल’ हे शब्द ज्या पानावर आहेत, ते पान मंदिराबद्दल नसून स्टेशनबद्दल आहे हे गुगलला कळतं. मुख्य शब्दाच्या आजूबाजूला असणाऱ्या, त्याचा अर्थ पक्का करणाऱ्या या शब्दांनाच ‘संबंधित कीवर्ड्स’ म्हणतात.

वेबसाईट असो, घरगुती व्यवसायाचं पान असो की यूट्यूब चॅनेल, ‘आपलं सर्चमध्ये वर कसं येईल?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. त्यावर सल्ले देणारे रील्सही भरपूर आहेत. त्यातलं काय खरं, काय जुनं आणि काय चक्क चुकीचं, ते समजून घेऊ.

संबंधित कीवर्ड म्हणजे फक्त समानार्थी शब्द का?

नाही. इथेच पहिली गफलत होते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण घ्या. ‘नॅशनल पार्क’, ‘एसजीएनपी’, ‘बोरिवली नॅशनल पार्क’ ही झाली त्याचीच दुसरी नावं. पण ‘कान्हेरी लेणी’, ‘बिबट्या’, ‘वनराणी’, ‘सफारी’, ‘सोमवारी बंद’, ‘तिकीट’, ‘बोरिवली स्टेशनवरून कसं जायचं’ हे समानार्थी शब्द नाहीत. तरीही उद्यानाबद्दल नीट लिहिलेल्या पानावर ते येतातच. पानभर ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यान’ वीस वेळा लिहिलं आणि कान्हेरीचा उल्लेखच नसला, तर वाचणाऱ्यालाही शंका येते की लिहिणारा तिथे गेला होता का! सर्च इंजिनलाही साधारण तशीच शंका यावी, अशी आता त्याची बांधणी आहे.

पूर्वी ती तशी नव्हती.

मग आधी काय चालायचं?

सर्च इंजिनचा मूळ हिशोब शब्दांचाच होता. शोधलेला शब्द कोणत्या पानावर आहे, किती वेळा आहे आणि तो शब्द एकूणात किती दुर्मीळ आहे, यावर पानाचं वजन ठरायचं. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन द्यावं ही कल्पना केंब्रिजच्या संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. ‘आणि’, ‘आहे’ हे शब्द प्रत्येक पानावर असतात, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच कळत नाही. ‘कान्हेरी’ मोजक्याच पानांवर असतो, म्हणून तो महत्त्वाचा. कल्पना साधी आहे, आणि आजही तिचं काम संपलेलं नाही.

पण मोजणी आली की चलाखीही येते. लोकांनी एकच शब्द पानावर शंभर वेळा कोंबायला सुरुवात केली. काहींनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवले. पानाच्या कोडमध्ये ‘कीवर्ड्स’ नावाची एक अदृश्य जागा असते, तिथे वाट्टेल त्या शब्दांची यादी टाकली जायची. ही यादी आपण क्रमवारीसाठी वापरतच नाही, असं गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं. तरी ‘मेटा कीवर्ड्स भरून देतो’ म्हणून पैसे घेणारे आजही भेटतात.

मराठी वेबवर या कोंबाकोंबीची खास आपली आवृत्ती आहे. ‘गणेशोत्सव माहिती मराठी’, ‘गणेशोत्सव मराठी माहिती’, ‘मराठीत गणेशोत्सव माहिती’ अशी तीनही रूपं पहिल्याच परिच्छेदात येतात आणि पुढे माहिती मात्र चार ओळींची! असं पान उघडून लगेच बंद केलं नाही असा मराठी वाचक सापडणं कठीण.

गुगल शब्दांकडून अर्थाकडे कसं वळलं?

एका रात्रीत नाही. २०११ च्या ‘पांडा’ अपडेटने सुमार, पातळ मजकुराच्या साईट्स खाली ढकलल्या. मे २०१२ मध्ये ‘नॉलेज ग्राफ’ आला. त्यामागची कल्पना अशी की सर्च इंजिनने नुसती अक्षरं जुळवू नयेत, तर त्यामागची वस्तू, व्यक्ती किंवा जागा ओळखावी. राम मंदिर हे मंदिरही आहे आणि स्टेशनही, हे कळायला हीच समज लागते. २०१३ मध्ये ‘हमिंगबर्ड’ने पूर्ण वाक्यात विचारलेले प्रश्न हाताळायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ‘रँकब्रेन’ आलं. याआधी कधीच न आलेले शोध समजून घेणं हे त्याचं मुख्य काम. असे शोध किती असतात? गुगलने अनेकदा सांगितल्यानुसार रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच न झालेले असतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘बर्ट’ हे भाषेचं मॉडेल सर्चमध्ये आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते ७० हून अधिक भाषांत लागू झालं. त्या यादीत मराठीही होती. ‘बर्ट’ वाक्यातला प्रत्येक शब्द त्याच्या मागच्या-पुढच्या शब्दांसकट वाचतं. मराठीत याचं महत्त्व किती ते एका उदाहरणावरून कळेल. ‘बोरिवलीहून अंधेरी’ आणि ‘बोरिवलीला अंधेरीहून’ यांत गावं तीच, फक्त प्रत्यय बदलला आणि प्रवासाची दिशा उलटी झाली. नुसते शब्द मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच.

‘एलएसआय कीवर्ड्स’ वापरायला सांगतात, ते काय आहे?

या नावाने कोणी काही विकत असेल तर जरा थांबा. ‘लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग’ हे १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत तयार झालेलं खरं तंत्र आहे. मर्यादित कागदपत्रांच्या संग्रहात कोणते शब्द एकत्र येतात, हे गणिताने शोधण्यासाठी ते होतं. गुगल ते वापरतं आणि त्यासाठी खास शब्दांची यादी लागते, हा मात्र नंतरचा समज. गुगलचे जॉन म्युलर यांनी २०१९ मध्ये ‘एलएसआय कीवर्ड्स’ अशी काही गोष्टच नसल्याचं स्पष्ट सांगितलं होतं. संबंधित शब्दांचा उपयोग होतो तो लेख विषयाला धरून पूर्ण झाल्यामुळे. कुठलीतरी गुप्त यादी टिकमार्क केल्यामुळे नाही.

मराठीत ही गोष्ट जास्त अवघड का आहे?

कारण मराठीत एका शब्दाची रूपं भरपूर. ‘मोदक’, ‘मोदकाचे’, ‘मोदकांची’, ‘मोदकांसाठी’. ‘अंधेरी’, ‘अंधेरीत’, ‘अंधेरीतला’, ‘अंधेरीतल्या’. मूळ शब्दालाच प्रत्यय चिकटतात आणि कधी कधी मूळ शब्दही बदलतो: ‘पाणी’चं ‘पाण्याचा’ होतं, ‘रस्ता’चं ‘रस्त्यावर’. ही सगळी रूपं एकाच शब्दाची आहेत हे यंत्राला शिकावं लागतं. इंग्रजीसाठी शिकायला अफाट मजकूर होता, मराठीसाठी त्या मानाने खूपच कमी.

दुसरा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲडमिशन’मधलं पहिलं अक्षर घ्या. युनिकोडमध्ये ते एकसंध ‘ॲ’ म्हणून टाईप करता येतं किंवा ‘अ’वर अर्धचंद्र देऊन. काही कीबोर्ड या दोन्हींच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही टाकतात. स्क्रीनवर तिन्ही जवळपास सारखे, पण कम्प्युटरच्या हिशोबात तीन वेगळे शब्द. ‘सातबाऱ्याचा’मधल्या ‘ऱ्या’चीही तीच गत, तोही दोन पद्धतींनी टाईप होतो. मोठी सर्च इंजिन्स असे फरक बऱ्यापैकी सांभाळून घेतात. पण अनेक साईट्सच्या स्वतःच्या ‘सर्च’ खिडक्यांना ते जमत नाही. साईटवर असलेला लेखही ‘काहीही आढळले नाही’ म्हणतो, त्याचं एक कारण हे.

तिसरी गोष्ट लिपीची. मराठी माणूस मराठीत शोधतो, पण देवनागरीतच शोधतो असं नाही. कोणी रोमन अक्षरांत मराठी लिहितो, कोणी अर्धं इंग्रजी, तर कोणी माईकचं बटण दाबून बोलतो. गुगलची मराठी व्हॉईस टायपिंगची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये आली. बोलून शोधणारा माणूस ‘मुलुंड दंतवैद्य’ म्हणत नाही. ‘मुलुंडला रविवारी चालू असलेला दाताचा डॉक्टर’ असं म्हणतो. लिहिणाऱ्याने पानावर ‘दंतचिकित्सालय’ असं भारदस्त काहीतरी लिहिलेलं असतं.

सरकारी शब्द वेगळा, तोंडातला शब्द वेगळा

उपनगरांत राहणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त फटका घराच्या कागदपत्रांत बसतो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, जमीन कोणाच्या नावावर? ‘मोफा’ म्हणजे १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क कायद्यानुसार बिल्डरने जमिनीचा आणि इमारतीचा हक्क सोसायटीला करून द्यायचा असतो. त्याने तो दिला नाही, तर सोसायटी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून तो एकतर्फी मिळवू शकते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये याला सगळे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात. सरकारी मराठीत याचं नाव आहे ‘मानीव अभिहस्तांतरण’.

हा शब्द सोसायटीचा कोणता सेक्रेटरी गुगलवर टाईप करेल?

असे शब्द एक-दोन नाहीत. लोक ‘ओसी’ शोधतात, कागदावर असतं ‘भोगवटा प्रमाणपत्र’. लोक ‘सीटीएस नंबर’ म्हणतात, कागदावर ‘नगर भूमापन क्रमांक’. गावाकडून आलेला माणूस मुलुंडच्या फ्लॅटचा ‘सातबारा’ शोधत बसतो. पण नगर भूमापन झालेल्या शहरी भागात सातबाऱ्याच्या जागी ‘मालमत्ता पत्रक’ असतं, ज्याला ‘मिळकत पत्रिका’ही म्हणतात, बोलताना ‘प्रॉपर्टी कार्ड’ आणि काही जण ‘पीआर कार्ड’. एका कागदाची चार नावं!

इथे संबंधित कीवर्ड्सचं काम फक्त ट्रॅफिक आणण्यापुरतं राहत नाही. सरकारी पानावर फक्त ‘मानीव अभिहस्तांतरण’ असेल आणि खासगी सल्लागाराच्या पानावर ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, ‘कन्व्हेयन्स नसेल तर काय करायचं’, ‘बिल्डर सही देत नाही’ असे सगळे शब्द असतील, तर सोसायटी आधी कोणाच्या दारात पोहोचेल हे उघड आहे. अर्जाची मूळ माहिती सरकारची, पण ती सापडते सल्ल्याची फी घेणाऱ्याच्या पानावर. सल्लागाराने काही गैर केलं असं नाही, त्याने लोकांचा शब्द वापरला एवढंच. सरकारी साईटनेही पहिल्याच ओळीत ‘मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्स’ असं लिहिलं तर मराठी बाटणार नाही. उलट तो मराठी शब्द चार लोकांना कळेल.

आपल्या विषयाचे संबंधित शब्द शोधायचे कसे?

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. सुरुवात गुगलच्या खिडकीतूनच होते.

समजा, मुलुंडमध्ये कोणी घरून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर्स घेतं. गुगलमध्ये ‘उकडीचे मोदक’ लिहून एक जागा सोडली की खाली सूचना येतात. त्या लोकांनी केलेल्या खऱ्या शोधांवर आधारलेल्या असतात. तेच रोमन अक्षरांत करून बघितलं की वेगळी यादी येते. निकालांच्या मध्ये ‘लोक हेही विचारतात’ प्रकारचे प्रश्न असतात, तर तळाशी संबंधित शोध. ‘गुगल ट्रेंड्स’वर दोन शब्दांची तुलना फुकट करता येते. ‘मोदक’ हा शोध कोणत्या महिन्यात उसळतो हे तिथे दिसतं, अर्थात ते मराठी माणसाला सांगायला आलेख नको. स्वतःची साईट असेल तर ‘सर्च कन्सोल’ हे गुगलचं मोफत साधन सगळ्यात कामाचं. लोक नेमकं काय टाईप करून तुमच्या पानापर्यंत आले, ते त्यात कळतं.

आणि एक साधन कुठल्याच यादीत नसतं. ते म्हणजे स्वतःचं व्हॉट्सॲप. गिऱ्हाईक मेसेजमध्ये काय विचारतं? ‘घाटकोपरला डिलिव्हरी आहे का?’, ‘स्टीमवाले मोदक आहेत ना?’, ‘अकरा मोदकांचे किती?’, ‘सकाळी नैवेद्याच्या आधी मिळतील का?’ यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक संबंधित कीवर्ड आहे. घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात गुजराती गिऱ्हाईकही मोठं, ते ‘उकडीचे’ म्हणेलच असं नाही. ‘स्टीम मोदक’ किंवा ‘राईस मोदक’ असंही म्हणेल. पानावर हे प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरं साध्या वाक्यांत असली की बरंचसं काम झालं.

मुख्य शब्द शीर्षकात आणि सुरुवातीच्या ओळींत असावा. बाकीचे शब्द उपशीर्षकांत, फोटोच्या वर्णनात, मजकुरात जिथे सहज येतील तिथे. किती वेळा? याचा ठरलेला आकडा नाही, टक्केवारी सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मोठ्याने वाचून बघा, ऐकताना खटकलं तर जास्त झालं.

‘अंधेरी’, ‘बोरिवली’, ‘मुलुंड’ अशी वेगवेगळी पानं करावीत का?

प्रत्येक ठिकाणी सांगण्यासारखं काही वेगळं असेल तर जरूर. पण तोच मजकूर घेऊन फक्त उपनगराचं नाव बदललेली दहा पानं केली, तर गुगलच्या भाषेत ती ‘डोअरवे पेजेस’ ठरतात आणि स्पॅमच्या नियमांत बसतात.

नकाशावरच्या नोंदीचंही तसंच. ‘जवळचा प्लंबर’ शोधल्यावर दिसणारा क्रम गुगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे. दुकानाच्या नावातच ‘बेस्ट प्लंबर अंधेरी वेस्ट स्वस्त २४ तास’ असं घुसवणं नियमाविरुद्ध आहे, त्यावरून नोंद निलंबितही होऊ शकते. पाटीवर जे नाव आहे तेच लिहायचं. सेवा, वेळा आणि भाग लिहायला वेगळे रकाने असतात.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर?

यूट्यूब स्वतःच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅग्जचा वाटा अगदी थोडा असतो. शीर्षक, थंबनेल आणि वर्णन जास्त महत्त्वाचं. टॅग्ज उपयोगी पडतात ते लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकवतात तिथे. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट जुलै २०२५ पासून गुगलसारख्या सर्च इंजिनमध्ये दिसू शकतात. त्यामुळे कॅप्शनमध्ये नुसतं ‘फीलिंग ब्लेस्ड’ लिहिण्यापेक्षा काय, कुठे, कितीला हे लिहिलेलं बरं.

याच तंत्राची दुसरी बाजू

जे शब्द प्रामाणिक दुकानदार वापरतो, तेच फसवणारेही वापरतात. बँकेचा, गॅस एजन्सीचा किंवा कुरिअर कंपनीचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधताना माणूस घाईत असतो. ‘रिफंड नंबर’, ‘तक्रार नंबर’, ‘टोल फ्री हेल्पलाईन’, ‘पैसे कट झाले’ असे त्याच्या तोंडचे सगळे शब्द भरून बनावट पानं आणि नकाशावर बनावट नोंदी तयार केल्या जातात. तिथल्या नंबरवर फोन केला की समोरचा एखादं ॲप डाऊनलोड करायला लावतो, ओटीपी मागतो आणि खातं रिकामं होतं. म्हणून असा नंबर सर्चच्या निकालातून उचलू नये. तो कार्डाच्या मागे, पासबुकवर, बिलावर किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

पहिला नंबर किती दिवसांत मिळतो?

‘पंधरा दिवसांत पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी’ असे मेसेज छोट्या व्यावसायिकांना सतत येतात. गुगलच्या स्वतःच्या सूचनांत लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. पैसे देऊन निकालांच्या वर दिसता येतं, पण ती जाहिरात असते आणि तशी खूणही तिच्यावर असते.

त्यातच ऑगस्ट २०२४ पासून भारतात इंग्रजी आणि हिंदी शोधांवर एआयने तयार केलेली उत्तरं निकालांच्याही वर दिसू लागली. त्यामुळे पहिला नंबर मिळाला तरी क्लिक मिळेलच असं राहिलेलं नाही.

पानावर केलेल्या बदलांचा परिणाम दिसायला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, असं गुगल सांगतं. बदल केल्यावर निदान काही आठवडे थांबून मग सर्च कन्सोलमध्ये आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघावेत. मोदकांच्या पानाचं काम मात्र भाद्रपदात सुरू करून उपयोग नाही, ते आषाढातच उरकायला हवं.